सरासरी धरायची की सर्वोच्च? गुणवत्तेचे गणित मांडतो कोण?

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. ‘आम्हाला जात नको, आम्हाला गुणवत्ता हवी.’ हे वाक्य फेकणारा माणूस गुणवत्ता म्हणजे काय हे मात्र कधीच सांगत नाही. प्रवेश परीक्षेत पडलेले गुण म्हणजेच गुणवत्ता, असे त्याने मनाशी धरलेले असते. जणू धान्य काट्यावर ठेवावे आणि किलो मोजावेत, तशी माणसाची बुद्धी मोजता येते! आम्ही त्याला एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. एकाच विद्यार्थ्याने तीच परीक्षा तीन वेळा दिली आणि तिन्ही वेळा वेगवेगळे गुण पडले, तर त्यातली त्याची खरी गुणवत्ता कोणती? पहिली? शेवटची? सर्वात मोठी? की तिन्हींची सरासरी?

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही निसर्गनियमात नाही. ते कार्यालयात बसून नियम करणारी माणसे देतात, आणि सोयीप्रमाणे बदलतातही. कायद्याच्या शिक्षणात हे घडले त्याची नोंद उपलब्ध आहे. ती आपल्या समाजातील शिकणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी नीट समजून घ्यावी, म्हणून हा लेखनप्रपंच. कायद्याच्या महाविद्यालयात कोण शिरतो यावर उद्या न्यायाच्या खुर्चीत कोण बसणार हे ठरते. म्हणून या दरवाजावरचा पहारेकरी कोणत्या मापाने माणसे मोजतो हे आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

५१२, ५६६, ६६८

अमेरिकेत कायद्याच्या शिक्षणासाठी ‘एलसॅट’ ही प्रवेश परीक्षा आहे. ती १९४८ पासून घेतली जाते. आज तिचे गुण १२० ते १८० या पट्टीवर दिले जातात. पूर्वी ही पट्टी २०० ते ८०० अशी होती. त्या जुन्या पट्टीच्या काळात, १९७१ साली, मार्को डीफ्युनिस नावाच्या एका श्वेतवर्णीय तरुणाने वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कायदा विभागात प्रवेशासाठी अर्ज केला. त्याने एलसॅट तीन वेळा दिली होती. पहिल्यांदा ५१२, नंतर ५६६ आणि तिसऱ्यांदा ६६८ असे गुण त्याला पडले होते. विद्यापीठाने तिन्हींची सरासरी काढली, ती आली ५८२. ही सरासरी आणि पदवीचे गुण एकत्र करून विद्यापीठ प्रत्येक अर्जदाराचा एक आकडा काढत असे. पहिल्या वर्षी हा विद्यार्थी किती गुण मिळवील याचा तो अंदाज होता. डीफ्युनिसचा आकडा ७६.२३ आला आणि त्याला प्रवेश नाकारला गेला. जागा सुमारे दीडशे होत्या आणि अर्ज सोळाशेच्या घरात.

डीफ्युनिस न्यायालयात गेला. आपल्यापेक्षा कमी आकडा असलेल्या कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, हा आपल्यावर अन्याय आहे, असे त्याचे म्हणणे. खालच्या न्यायालयाने त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये तो निर्णय फिरवला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तोपर्यंत हा गडी शेवटच्या सत्रात शिकत होता. त्यामुळे २३ एप्रिल १९७४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी न्यायालयाने, आता वादाचे कारणच उरले नाही, म्हणून खटला निकाली काढला. मूळ प्रश्नाचा निर्णय झालाच नाही. तरीही अमेरिकेतील आरक्षणविरोधी खटल्यांच्या मालिकेत हा खटला फार गाजला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात अमेरिकन निवाड्यांची चर्चा केली, तेव्हा त्यातही या खटल्याची दखल घेतली.

आता त्या खटल्यातले आकडे बघा. त्या वर्षी ३७ अल्पसंख्य विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ केला गेला. त्यांपैकी ३६ जणांचा आकडा डीफ्युनिसपेक्षा कमी होता. याच ३६ जणांवरून देशभर ओरड झाली. पण त्याच यादीत अल्पसंख्य नसलेले ४८ विद्यार्थी असे होते की, ज्यांचा आकडाही डीफ्युनिसपेक्षा कमीच होता! त्यांतले २३ सैन्यातून परतलेले होते आणि उरलेल्या २५ जणांना अर्जातील इतर काही गोष्टींमुळे पसंती मिळाली असावी. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात हा तपशील नोंदवून ठेवला आहे. वाचकांनी स्वतःलाच विचारावे, ४८ जणांविरुद्ध कोणी ब्र का काढला नाही? ३६ जणच डोळ्यांत का खुपले?

आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती सरासरी. विद्यापीठाने सरासरी न धरता सर्वोच्च गुण धरले असते, तर डीफ्युनिसच्या नावापुढे ५८२ ऐवजी ६६८ लागले असते. त्याचा आकडा वर गेला असता हे उघड आहे. कदाचित खटला उभाच राहिला नसता. म्हणजे ज्या तरुणाची ‘गुणवत्ता’ कृष्णवर्णीयांनी हिरावली असा डांगोरा पिटला गेला, त्याला अडवणारी मोठी गोष्ट बेरीज करून तीनने भागण्याचा एक कार्यालयीन नियम होती. त्या नियमाविरुद्ध घोषणा झाल्या नाहीत. घोषणा झाल्या त्या कृष्णवर्णीयांविरुद्ध. हे चित्र आपल्या देशातल्या माणसाला अनोळखी वाटू नये!

न्या. डग्लस यांचे मत येथे नोंदले पाहिजे. वर्णाच्या आधारावर वेगळी मोजणी त्यांनाही मान्य नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण एलसॅटवर त्यांचा त्याहून मोठा अविश्वास होता. ही परीक्षाच बंद करावी असे त्यांनी सुचवले. वस्तीतल्या दारिद्र्यातून धडपडत एखाद्या छोट्या कॉलेजपर्यंत पोहोचलेला कृष्णवर्णीय मुलगा हा, बापाच्या पुण्याईवर हार्वर्डमध्ये चांगले गुण मिळवणाऱ्या श्रीमंताच्या मुलापेक्षा कायद्याच्या अभ्यासाला अधिक लायक ठरू शकतो, या आशयाचे विवेचन त्यांनी केले. किती अंतर चालून आला हे न बघता फक्त कुठे पोहोचला हे बघणारे माप खोटे असते, हाच त्याचा अर्थ.

नियम बदलला, गुणवत्ता वाढली!

यापुढची कथा अधिक बोलकी आहे. बराच काळ अमेरिकेतील कायदा महाविद्यालये पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या गुणांची सरासरीच धरत असत. त्यामागे संख्याशास्त्राचा आधार दिला जाई. एका दिवशीचे गुण नशिबाने वरखाली होतात, सगळ्या प्रयत्नांची सरासरी ही अधिक भरवशाची, असा तो युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ नाही. परीक्षा घेणारी संस्थाच प्रत्येक गुणाच्या दोन्ही बाजूंना साधारण तीन गुणांचा पट्टा दाखवते. म्हणजे १५५ गुण मिळालेल्याची खरी पातळी १५२ ते १५८ मध्ये कुठेही असू शकते, असे परीक्षा घेणाराच कबूल करतो. पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे गुण सरासरीने दोन-तीनच वाढतात.

२००६ साली अमेरिकन बार असोसिएशनने महाविद्यालयांकडून माहिती मागवण्याची पद्धत बदलली. तोवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचे सरासरी गुण कळवावे लागत, आता सर्वोच्च गुण कळवायचे ठरले. वरवर पाहता ही एका प्रश्नावलीतल्या रकान्याची दुरुस्ती. पण त्या रकान्यातल्या आकड्यांवर महाविद्यालयांची क्रमवारी ठरत होती. ‘यू. एस. न्यूज’ दरवर्षी क्रमवारी प्रसिद्ध करते आणि तिच्यात विद्यार्थ्यांच्या एलसॅट गुणांच्या मध्यांकाला वजन असते. 

उदाहरण घ्या. एका मुलीला पहिल्यांदा १५० आणि दुसऱ्यांदा १६० गुण पडले. महाविद्यालयाचा मध्यांक आहे १५८. जुन्या नियमाने ती १५५ ची, म्हणजे महाविद्यालयाचा आकडा खाली ओढणारी. नव्या नियमाने तीच मुलगी १६० ची, म्हणजे आकडा वर नेणारी. मुलगी तीच, डोके तेच, उत्तरपत्रिका त्याच! पण २००५ मध्ये जी ‘गुणवत्तेत बसत नव्हती’ ती २००६ नंतर महाविद्यालयाची शोभा ठरली. बहुतेक महाविद्यालये हळूहळू सर्वोच्च गुणांकडे वळली. संख्याशास्त्राचे ते सगळे युक्तिवाद कुठे गेले? ते होते तिथेच आहेत. बदलला तो महाविद्यालयाचा स्वार्थ.

आजची स्थिती अशी आहे. विद्यार्थ्याने दिलेल्या प्रत्येक प्रयत्नाचे गुण महाविद्यालयाला दिसतात. बहुतेक ठिकाणी सर्वोच्च गुणांना महत्त्व मिळते, पण काही महाविद्यालये सगळे प्रयत्न एकत्र बघतो असे सांगतात, आणि गुणांत मोठी तफावत असेल तर विद्यार्थ्याने कारण लिहून द्यावे अशी अपेक्षा ठेवतात. आजार होता, घरात मृत्यू झाला, पहिल्या वेळी तयारीशिवाय बसलो, असे जे असेल ते. प्रयत्नांच्या संख्येचा नियमही बदलत आला आहे. पूर्वी दोन वर्षांत तीनच वेळा परीक्षा देता येत होती. २०१७ मध्ये ही मर्यादा काढली. २०१९ मध्ये पुन्हा मर्यादा आल्या, त्यांपैकी गुण ग्राह्य असण्याच्या साधारण पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात सात वेळा ही मर्यादा आजही आहे. २०२० पासून गुण आधी बघून मग ते ठेवायचे की रद्द करायचे हे ठरवण्याची सोयही सुरू झाली. पैसे मोजा आणि पडलेले गुण झाकून टाका!

दोन्ही नियमांत गरीबच भरडला जातो

मग सरासरी न्याय्य की सर्वोच्च गुण न्याय्य? येथे घाईने बाजू घेऊ नये, असे आमचे सांगणे आहे.

सरासरीचा नियम बघू. ज्या घरात पूर्वी कोणी कॉलेज पाहिले नाही, त्या घरातली मुलगी पहिल्यांदा परीक्षेला बसते तेव्हा तिला प्रश्नपत्रिकेचा नमुनाही ठाऊक नसतो. वकिलाच्या घरातला मुलगा क्लासमध्ये पंधरा-वीस सराव परीक्षा देऊन मगच खऱ्या परीक्षेला बसतो. त्याच्या चुका क्लासच्या चार भिंतींत राहतात. तिच्या चुका सरकारी दप्तरी नोंदल्या जातात. तिची खरी परीक्षा हीच तिची सराव परीक्षा असते. पुढच्या वर्षी ती तयारी करून उत्तम गुण मिळवते, तर सरासरीचा नियम तिला मागे खेचतो. सरासरी म्हणजे अज्ञानाचा दंड.

आता सर्वोच्च गुणांचा नियम बघू. वर वर तो दयाळू वाटतो. पडलात तर उठा, पुन्हा धावा. पण पुन्हा धावायला पैसा लागतो. एलसॅटची एका वेळची फी दोनशे डॉलरच्या वर आहे. गरजू विद्यार्थ्याला फी माफी आहे, पण ती दोन परीक्षांपुरती. पैसेवाला पाच वेळा बसू शकतो आणि त्यातले उत्तम ते पुढे करू शकतो. नोकरी करून शिकणारा एकदा बसतो, फार तर दोनदा. एकाला पाच फाशांतला सर्वात मोठा आकडा मिळतो, दुसऱ्याला एका फाशाचा. सर्वोच्च गुण म्हणजे पैशाचे बक्षीस.

म्हणून नियम कोणताही असो, पुन्हा परीक्षा देण्याची ताकद कोणाकडे आहे हा खरा प्रश्न आहे. २००० च्या दशकातील एलसॅटच्या अहवालांत श्वेतवर्णीयांचे सरासरी गुण १५२-१५३ च्या आसपास आणि कृष्णवर्णीयांचे १४२ च्या आसपास दिसतात. हे दहा गुणांचे अंतर मेंदूचे नाही. ते शाळेचे, घराचे, वस्तीचे आणि पिढ्यांचे आहे. प्रवेश देताना वर्णाचा विचार करण्याची मुभा २००३ च्या ग्रटर खटल्यात मिशिगन विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाला मिळाली होती. २९ जून २०२३ रोजी हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती मुभा जवळजवळ संपवली. वर्णामुळे आयुष्यात काय सोसले हे अर्जदाराने निबंधात लिहिले तर ते वाचता येईल, एवढीच फट उरली. एक आधार काढला की उरलेल्या मापाचे वजन वाढते. ते माप म्हणजे पुन्हा परीक्षेचे गुणच!

एक गोष्ट मात्र अमेरिकेकडून शिकण्यासारखी आहे. एलसॅटमध्ये आकृत्या काढून सोडवायची कोडी असत. आकृती काढू न शकणाऱ्या अंध विद्यार्थ्यांवर हा अन्याय आहे, म्हणून एक अंध उमेदवार वर्षानुवर्षे लढला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभागच परीक्षेतून गेला. म्हणजे परीक्षा ही देवाने पाठवलेली नसते. लढले तर ती बदलते.

आपल्याकडचे कोरे पान

आपल्याकडे राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा आहे. मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे पदवी प्रवेश याच परीक्षेतून होतात. राज्यातील इतर विधी महाविद्यालयांसाठी २०१६ पासून राज्याची सीईटी आहे.

क्लॅटमध्ये सरासरी नाही आणि मागच्या वर्षीचे सर्वोच्च गुणही नाहीत. ज्या वर्षी प्रवेश, त्या वर्षीचेच गुण. किती वेळा परीक्षा द्यावी याला मर्यादा नाही. हा पहिला प्रयत्न की चौथा, हे गुणवत्ता यादी सांगत नाही. प्रत्येक वर्षी पान कोरे. ऐकायला हे समतेचे वाटते. पण पहिल्यांदा बसलेली आश्रमशाळेतली मुलगी आणि दोन वर्षे शहरात क्लास लावून तिसऱ्यांदा बसलेला मुलगा एकाच यादीत, एकाच रांगेत उभे राहतात आणि त्या रांगेला आपण गुणवत्ता म्हणतो. इतकेच नव्हे, दोघांचे गुण सारखे पडले तर आधी कायदेविषयक तर्काच्या विभागातले गुण बघतात. तेही सारखे असतील तर ज्याचे वय जास्त त्याला वरचा क्रमांक मिळतो!

अभियांत्रिकीच्या जेईई मेनमध्ये वर्षातून दोन सत्रे होतात आणि दोन्हींपैकी चांगले गुण धरतात. म्हणजे याच देशात इंजिनीअर होऊ पाहणाऱ्याला एका वर्षात दुसरी संधी आहे. क्लॅट मात्र वर्षातून एकदा. त्या दिवशी ताप आला, गाडी चुकली, घरात दुखवटा असला, तर पूर्ण वर्ष गेले. हा फरक कोणत्या तत्त्वावर बसतो? आम्हाला तरी तत्त्व दिसत नाही.

आणि ते ‘वर्ष’ म्हणजे काय असते हे आपल्या घरांना विचारा. शहरी मध्यमवर्ग त्याला ‘ड्रॉप घेणे’ म्हणतो. शब्द किती हलका! आपल्या मुलाने ड्रॉप घेतला की तो कोणत्याही महाविद्यालयाच्या पटावर नसतो. पटावर नाही म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा नाही. स्वाधार योजनेचे पैसे नाहीत. ज्या वर्षी त्याला आधाराची सर्वात जास्त गरज, त्याच वर्षी सरकार त्याला ओळखत नाही. पुढे प्रवेश मिळाला की शिक्षणातल्या खंडाबद्दल प्रतिज्ञापत्र मागतात. अशी प्रतिज्ञापत्रे घेऊन येणारी मुले आम्ही कोर्टाच्या आवारात दरवर्षी पाहतो. एका वर्षाचा हिशेब नोटरीपुढे देताना ती अपराध्यासारखी खाली मान घालून उभी असतात. त्यांनी गुन्हा कोणता केला? दुसऱ्यांदा प्रयत्न केला, हा?

क्लॅटच्या अर्जाची फी चार हजार रुपये आहे; अनुसूचित जाती-जमातींना साडेतीन हजार. पाचशे रुपयांची ही सवलत की चेष्टा, हे शेतमजुराच्या रोजंदारीशी ताडून बघावे. शिवाय ही परीक्षा इंग्रजीतच होते. प्रादेशिक भाषांत ती घ्यावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या मागणीला पाठिंबाही दिला. मराठी माध्यमातल्या मुलाचा पहिला प्रयत्न हा कायद्याच्या तर्काचा नसतोच, तो इंग्रजी वाचनाच्या वेगाचा असतो. त्याला दुसरा प्रयत्न लागतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे, भाषा परकी म्हणून.

पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचे प्रमाण वाढले की काय होते, याचा पुरावा वैद्यकीय प्रवेशात आहे. तामिळनाडू सरकारने निवृत्त न्यायमूर्ती ए. के. राजन यांची समिती नेमली होती. तिच्या २०२१ च्या अहवालानुसार ‘नीट’ येण्यापूर्वी, २०१६-१७ मध्ये, त्या राज्यातील वैद्यकीय प्रवेशांत पुन्हा प्रयत्न करणारे सुमारे १२ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे ७१ टक्के झाले. म्हणजे पहिल्या फटक्यात प्रवेश मिळवणारे अल्पसंख्य झाले. जो एक-दोन वर्षे घरी बसून क्लासची फी भरू शकतो त्याचीच ही परीक्षा झाली. लातूर, नांदेडपासून कोट्यापर्यंत ‘रिपीटर बॅच’च्या पाट्या लागल्या आहेत त्या उगाच नाहीत. विधी शिक्षणातही तोच बाजार वाढतो आहे. तेथील आकडे मात्र कोणी छापत नाही.

एक कटू गोष्ट आपल्याआपल्यातही बोलली पाहिजे. राखीव जागांच्या यादीतही हाच खेळ चालतो. आपल्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा दोनदा ड्रॉप घेतो आणि झोपडपट्टीतली मुलगी एकदाच बसून गप्प होते. त्यावरचा उपाय आरक्षण कमी करणे हा नाही. त्या मुलीला दुसऱ्या प्रयत्नाची ताकद देणे हा आहे, आणि ते काम सरकारचे तसेच आपल्या संघटनांचेही आहे.

न्यायालय काय म्हणते?

२० जानेवारी २०२२ रोजी नील ऑरेलिओ नुनेस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. बोपण्णा यांच्या खंडपीठाने वैद्यकीय प्रवेशातील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण वैध ठरवले. त्या निकालात गुणवत्तेची चर्चा आहे. स्पर्धा परीक्षा ही औपचारिक समता देते. पण कुटुंबाची साधने, क्लास, वारशाने मिळालेले संस्कार व ओळखी यांचा लाभ काही वर्गांनाच मिळतो आणि परीक्षेच्या गुणांत तो दिसत नाही. म्हणून गुणवत्तेकडे सामाजिक संदर्भात पाहिले पाहिजे, असा त्याचा आशय. आपण वर्षानुवर्षे जे बोलत आलो ते आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. आपल्या तरुणांनी हा निकाल मिळवून वाचावा आणि ‘मेरिट मेरिट’ करणाऱ्यांपुढे ठेवावा.

परंतु निकाल कपाटात ठेवून नियम बदलत नाहीत. आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

एक, क्लॅट घेणाऱ्या विधी विद्यापीठांच्या संघाने प्रवेश मिळालेल्यांत पहिला प्रयत्न किती जणांचा, दुसरा-तिसरा किती जणांचा, हे प्रवर्ग, माध्यम आणि उत्पन्नासह दरवर्षी जाहीर करावे. आकडे झाकून गुणवत्तेच्या गप्पा मारू नयेत.

दोन, जेईईप्रमाणे क्लॅटही वर्षातून दोनदा घ्यावी व चांगले गुण धरावेत. अनुसूचित जाती-जमाती व गरीब विद्यार्थ्यांना दोन्ही वेळा फी पूर्ण माफ असावी. फी माफीशिवाय ‘सर्वोच्च गुण’ आणले तर तो श्रीमंतांना दिलेला आणखी एक फासा ठरेल.

तीन, परीक्षा मराठीसह भारतीय भाषांत व्हावी.

चार, समाजकल्याण विभागाने प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वर्षासाठी वसतिगृह व निर्वाह भत्ता द्यावा. पटावर नाव नाही म्हणून मुलाला वाऱ्यावर सोडू नये.

या मागण्या मान्य होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. गावोगावच्या विहारांत वाचनालये आहेत. तेथे जुन्या प्रश्नपत्रिका ठेवा, आठवड्याला एक सराव परीक्षा घ्या. वकील मंडळींनी रविवारचे दोन तास द्यावेत. वकिलाच्या मुलाच्या चुका जशा क्लासच्या भिंतीत राहतात, तशा आपल्या मुलांच्या चुका विहाराच्या भिंतीत राहू द्या. वंचित मुलांना विधी विद्यापीठांत पोहोचवण्यासाठी प्रा. शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘आयडिया’ हा उपक्रम उभा केला. ते २०१९ मध्ये गेले, पण त्यांनी घालून दिलेली वाट आहे.

आईवडिलांना एक विनंती. पोराला पहिल्या वेळी यश आले नाही तर ‘नापास झाला’ म्हणू नका. प्रवेश परीक्षेत नापास हा प्रकारच नसतो. क्लॅट हुकली तर राज्याच्या सीईटीतून पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तोही हुकला तर पदवी घेऊन तीन वर्षांच्या कायद्याला जाता येते. न्यायालयात उभे राहिल्यावर समोरचा न्यायाधीश तुम्ही कितव्या प्रयत्नात प्रवेश घेतला हे विचारत नाही, कायदा विचारतो.

आणि दुसऱ्या प्रयत्नाची लाज कोणाला वाटावी? १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध परीक्षकांनी फेरबदलासाठी परत केला. त्यांनी तो पुन्हा लिहून पाठवला आणि १९२३ मध्ये तो मान्य झाला. आजच्या भाषेत सांगायचे तर त्या विद्वत्तेच्या नोंदवहीत तीन वर्षांचा खंड आहे आणि एक फेरसादरीकरण आहे! कोणी त्यांची सरासरी काढून दाखवावी.

गुणांची सरासरी काढणारे आणि सर्वोच्च गुण मोजणारे, दोघेही आकड्यांशी खेळतात. तो खेळ कोणत्या नियमाने चालावा हे ठरवणाऱ्या टेबलावर जोपर्यंत आपली माणसे बसत नाहीत, तोपर्यंत नियम दुसऱ्यांच्या सोयीने बदलत राहणार. त्या टेबलापर्यंत जाण्याचा रस्ता कायद्याच्या वर्गातून जातो. म्हणून पहिल्या वेळी दार उघडले नाही तर दुसऱ्यांदा ठोठवा, तिसऱ्यांदा ठोठवा. आणि आत गेल्यावर मागून येणाऱ्यासाठी ते उघडे ठेवा.